गप्प बसलेल्या बायांचा कौल

अमेरिकेतल्या माणसांना लढाईबद्दल काय वाटतं, हे शहरातल्या उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर बसून ठरवायचं म्हणजे जरा जास्तच झालं, नाही का? पण अपेक्षाची नोकरीच तशी होती. खाली झेरॉक्सचं दुकान, जिन्यात चपलांचा ढीग, आणि वर पंख्याखाली आठ पोरी कानाला हेडफोन लावून परक्या देशातल्या लोकांची मतं ऐकत बसलेल्या. गावाकडं, देवगाव रंगारीत, कुणी विचारलं की, "पोरगी काय काम करती?" तर तिचे वडील कारभारी सांगायचे, "कंप्युटरचं." त्यापुढं त्यांनाही काही ठाऊक नव्हतं, आणि विचारणाऱ्यालाही नको असायचं.

काम असं होतं. तिकडच्या एका विद्यापीठानं साठ वर्षांच्या मुलाखती जमवल्या होत्या. व्हिएतनामची लढाई चालू असताना काही माणसं टेप घेऊन घरोघर फिरली होती. दार वाजवायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि विचारायचं, आपण या लढाईत उतरलो ते बरोबर केलं का चूक? पुढं इराकच्या वेळी हाच प्रश्न फोनवर विचारला. आणि आता ज्या लढाया चालल्यात त्यांच्याबद्दलही विचारणं चालू होतं. मागची मतं आणि आत्ताची मतं शेजारी शेजारी मांडून बघायची होती. बोललेलं सगळं मशीन लिहून काढायचं. पण माणूस मध्येच गप्प बसला की मशीन ती जागा सरळ गाळून टाकायचं. म्हणून या आठ पोरी. ऐकायचं आणि आकडा दाबायचा. बरोबर म्हटलं तर एक, चूक म्हटलं तर दोन, सांगता येत नसलं तर नऊ.

सहा महिन्यांत अपेक्षाला एक गोष्ट पक्की कळली होती, की माणसं तिकडची काय अन् इकडची काय, एकाच मातीची. लढाई सुरू होताना विचारा, निम्म्याहून जास्त लोक छाती काढून म्हणणार, बरोबर! चार-पाच वर्षांनी त्यांनाच विचारा, चूक. वर आणखी म्हणणार, मी तर आधीच सांगत होतो. गावात बोअरला पाणी नाही लागलं की पारावर असेच पंधरा जण निघतात, आधीच सांगणारे. व्हिएतनामच्या वेळी हेच, इराकच्या वेळीही हेच. आत्ताच्या लढायांचं मात्र वेगळं होतं. माणसं गाडी चालवता चालवता फोनवर सांगून मोकळी व्हायची, दुसऱ्यांची भांडणं, आपण कशाला? सामान पाठवा, पोरं पाठवू नका. दीड मिनिटात मुलाखत खलास.

तिचा जीव रमायचा तो जुन्या टेपांत. दुपारी जेवणं झाली की पोरी पडदे ओढायच्या आणि खोलीत ताकासारखा पांढुरका उजेड साचायचा. हेडफोनमधून आधी नुसती खरखर यायची, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, चमचा कपावर वाजल्याचा, बाहेर कुत्रं. अपेक्षा डोळे मिटायची आणि त्या घरात जाऊन बसायची. तिथली घरं तिनं पाहिली कुठं होती? मग ती आपलीच भांडी तिथं मांडायची. फळीवर आईचे डबे, खिडकीत तुळस, दाराशी बापाच्या चिखलाच्या चपला. समोर गोरी बाई, पण बसलेली तिच्या आईसारखी, साळूबाईसारखी, एक पाय दुमडून. कधी कधी तिला खरंच कळायचं नाही, की आपण उस्मानपुऱ्यात आहोत, देवगावात आहोत, का साठ वर्षांमागं कुठल्या तरी बर्फाच्या गावात.

चारशे सतरा नंबरचं घर तर तिचं लाडकं. पहिली टेप लढाईच्या सुरवातीची. नवरा ठासून म्हणतो, सरकारला आपल्यापेक्षा जास्त कळतं, बरोबरच केलं. मग विचारणारा बाईकडं वळतो. "आणि बाई, तुम्हाला काय वाटतं?" बाई काही बोलत नाही. घड्याळ वाजतंय, चुलीवर किटली गुणगुणतेय, आणि अंगणात कुणीतरी पोरगा शीळ घालतोय. काय सुरेख शीळ! थेट माऊलीसारखी. चाळीस सेकंद नुसती शीळ, आणि मग विचारणारा म्हणतो, "बरं, पुढचा प्रश्न."

माऊली म्हणजे अपेक्षाचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. म्हशीमागं जाताना, अंघोळ करताना, भाकरी खातानासुद्धा शीळ घालणारा. तो सैन्यात भरती झाला होता आणि येत्या सोमवारी ट्रेनिंगला निघणार होता.

अपेक्षाच्या मनात सोमवारचा काटा होता, आणि तो उगीच नव्हता. निवडीचं कळलं त्या दिवशी घरात पन्नास माणूस. कडुबाकाका, म्हणजे कारभारींचे धाकटे भाऊ, पेढे घेऊन आले. बाहेर जाणाऱ्या माणसाच्या हातावर आईनं गूळ-खोबरं ठेवायचं आणि मगच त्यानं गाव सोडायचं, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून सगळ्यांसमोर कारभारींनी साळूबाईला विचारलं, "काय गं, पाठवायचा ना पोराला?" साळूबाईनं पदर सारखा केला, खाली बघितलं. बोलली नाही. आणि तेव्हा, दुसरं कुणी नाही, अपेक्षाच हसून म्हणाली होती, "आईची कुठं ना हाय?" झालं! टाळ्या पडल्या. कडुबाकाकांनी माऊलीच्या तोंडात पेढा कोंबला.

देवगावात हे असंच चालतं, आणि एकट्या देवगावातच कशाला? पाहुणे पोरगी बघायला येतात, पोरगी मान खाली घालते, म्हातारे म्हणतात, लाजली, म्हणजे पसंत आहे. सुपारी फुटते. गप्प बाईचा होकार धरायचा, ही रीत अपेक्षा आईच्या दुधाबरोबर शिकली होती.

शुक्रवारी दुपारी प्रणय सर एकदम खुशीत आले. हे त्यांच्या टीमचे साहेब, वयानं तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, पण साहेब ते साहेब. "अरे यार, तिकडून मेल आलाय! ते लोक खूश आहेत. म्हणतात, कुणालाच माहीत नसलेली गोष्ट सापडली. व्हिएतनामच्या वेळच्या बाया आत्ताच्या बायांपेक्षा कितीतरी जास्त लढाईच्या बाजूनं होत्या. नवऱ्यांइतक्याच!"

अपेक्षाला जरा नवल वाटलं. पण सर पुढं म्हणाले, "आणि अपेक्षा, अंबिका, तुमची तर कमाल आहे. जुन्या टेपा दोघींनी वेगवेगळ्या ऐकून आकडे टाकले, तरी शंभरातले अठ्ठ्याण्णव जुळले. सोमवारी फायनल पाठवतो." अंबिका तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, कन्नडजवळच्या वाडीतली, मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली शिकलेली पोरगी. तिनं टेबलाखालून अपेक्षाला चिमटा काढला. दोघी गालात हसल्या.

मग अपेक्षानं चारशे सतराची शेवटची टेप लावली. पहिलीनंतर पाच वर्षांनी तेच घर, तेच घड्याळ. विचारणाराही तोच, फक्त आवाज जड झालेला. नवरा या वेळी नव्हता. आणि अंगणात शीळ नव्हती. अपेक्षानं आवाज वाढवून बघितला. वारा होता, कुत्रं होतं, शीळ नव्हती. पोरगा लढाईत गेला, का नुसता मोठा होऊन दुसऱ्या गावी राहायला गेला, ते फाइलीत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"आपण या लढाईत उतरलो ते बरोबर केलं का चूक?" विचारणाऱ्यानं विचारलं.

बाई गप्प. किटली गुणगुणायला लागली. अपेक्षाचं बोट सवयीनं एकच्या कळीवर गेलं. आणि बाई बोलली. आवाज शांत होता, राग नाही, रडणं नाही.

"तुम्ही मागंही आला होतात. मी तेव्हा काही बोलले नव्हते. माझ्या नावापुढं तुम्ही काय लिहिलंत?"

टेपवर कागद चाळल्याचा आवाज आला. "मला आठवत नाही, बाई."

"मलाही कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आता लिहा. चूक."

अपेक्षाचा हात कळीवरून खाली आला. तिला वाटलं, त्या बाईनं हा प्रश्न त्या माणसाला विचारलाच नाही. साठ वर्षं लांबून, टेबलापलीकडून, तिनं तो आपल्यालाच विचारलाय. कारण त्या माणसानं काय लिहिलं देव जाणे, पण अपेक्षानं काय लिहिलं ते समोर पडद्यावर होतं. पहिल्या टेपपुढं तिनं एक टाकला होता. बरोबर!

ती मागं मागं जात राहिली. दोनशे आठ. एकशे नव्वद. एकशे बारा. जिथं जिथं नवरा हो म्हणाला आणि बाई गप्प बसली, तिथं तिथं एक. नियमांच्या कागदावर चक्क लिहिलेलं होतं, दहा सेकंदांच्या वर गप्प राहिलं की नऊ. तिनं तो कागद वाचला होता, पाठ केला होता. पुरुष गप्प बसला तिथं नऊच टाकला होता. चूक नुसती बायांच्या बाबतीत झाली होती.

"अंबे," तिनं हलकेच विचारलं, "बाई गप्प बसली की तू काय टाकती?"

"एक की," अंबिका म्हणाली. "गप्प बसली म्हंजी तिची ना नाय. दुसरं काय असतंय?" आणि मग तिचंच तोंड उघडं राहिलं. "अगं बाई!"

त्या मेलातली नवलाची गोष्ट ही अशी होती. अमेरिकेच्या बाया लढाईच्या बाजूनं बोलल्याच नव्हत्या. त्यांना कन्नड तालुक्याच्या दोन पोरींनी नेऊन बसवलं होतं, आणि दोघी एकाच रीतीत वाढलेल्या, म्हणून दोघींची चूक तंतोतंत जुळली होती. अठ्ठ्याण्णव टक्के! मशीन म्हणालं, शाब्बास.

प्रणय सरांना सांगितलं तेव्हा ते आधी कपाळाला हात लावून बसले. "तिकडं लोकांनी नाचायला सुरवात केलीय, आणि तुम्ही आता सांगताय?" मग जरा वेळानं खुर्ची फिरवून म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. किती बाया आहेत?"

"तीनशे अकरा."

"मग बसा. पुन्हा ऐका. मी मेल थांबवतो."

शनिवारची सुट्टी गेली. दोघींनी तीनशे अकरा बायांचं गप्प बसणं पहिल्यापासून ऐकलं आणि एकाच्या जागी नऊ टाकले. काही बाया खरंच गोंधळलेल्या होत्या. काहींनी श्वास घेतला होता, बोलायला तोंड उघडलं होतं, आणि विचारणारा पुढच्या प्रश्नावर गेला होता. अपेक्षाला प्रत्येकीच्या टेबलाशी आता एकच बाई बसलेली दिसत होती, पदर सारखा करत खाली बघणारी. आईची कुठं ना हाय? आपलाच आवाज, आपलंच हसू. तिला इतकी लाज वाटली की हेडफोन काढून ती जिन्यात जाऊन रडली.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं ती देवगावला निघाली. खुलताबादच्या पुढं तिचा डोळा लागला. झोपेत शेजारच्या सीटवर चारशे सतराची बाई होती, मांडीवर किटली धरून. घाटात बस वळली की किटलीवर हात ठेवायची. "विचारशील ना?" ती म्हणाली, अगदी मराठीत. कसाबखेड्याला कंडक्टर ओरडला तेव्हा अपेक्षा दचकून जागी झाली. शेजारी एक आजोबा कोथिंबिरीची पिशवी घेऊन घोरत होते.

साळूबाई शेतात कापूस वेचत होती. दुपारची वेळ, सगळं शिवार पांढरं, उन्हात तरंगल्यासारखं. अपेक्षानं ओढणीची झोळी कमरेला बांधली आणि आईच्या शेजारची ओळ धरली. दोघी बोंडं वेचत सरकत राहिल्या.

"आई, एक इचारू? माऊलीनं जावं का?"

साळूबाईचा हात क्षणभर थांबला, आणि परत बोंडावर गेला. काही बोलली नाही. अपेक्षाच्या मनात आकडे सुरू झाले, एक, दोन, तीन. दहा झाले. वीस झाले. तिच्या जिभेवर सारखं काहीतरी येत होतं, राहू दे गं, असंच विचारलं, पण तिनं दात घट्ट मिटले. शेजारच्या रानात कुणीतरी बैलाला हाळी दिली. एक पाखरू ओळीतून उडून पुढच्या ओळीत बसलं. आख्खी ओळ संपली. बांधाशी येऊन साळूबाईनं कंबर सरळ केली, झोळी खाली ठेवली, आणि म्हणाली, "नाय."

"मग त्या दिशी बोलली का नाय गं?"

"तुझ्या बापानं मला इचारलं तवा कडुबा भावजीनं पेढ्याचा पुडा आधीच फोडला व्हता. फोडल्याल्या पुड्याम्होरं काय बोलावं माणसानं?" ती बांधावर टेकली. "अन् मंग तूच बोलली माझ्या वाटचं."

"चुकलं माझं," अपेक्षा म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मी थांबवू का त्याला? बाबांना सांगू?"

"येडी का खुळी तू! त्याचं मन हाय, त्याला जाऊ दे. मी आडवी पडणार नाय. पर माझा व्हय माझ्या तोंडातून गेला नाय, एवढं कुणाला तरी ठाव पायजे व्हतं." तिनं अपेक्षाच्या केसांतला कापूस काढला. "तू इचारलं, ते बेस केलं."

सोमवारी सकाळी देवगावच्या स्टँडवर गाव लोटलं. माऊलीचा फेट्यातला फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. खरा माऊली मात्र त्याखाली भेदरलेल्या कोकरासारखा उभा होता, गळ्यात चार हार. अपेक्षाच्या हातात गूळ-खोबऱ्याचं ताट. कडुबाकाकांना माइक मिळाला की झालं, ते काय सोडतात होय! "धन्य ती आई!" ते गरजले. "धन्य आमच्या वहिनी, ज्यांनी हसत हसत या पोराला होकार दिला!"

"भावजी," साळूबाई म्हणाली. ती मोठ्यानं बोलली नाही, पण पुढच्या चार ओळींनी ऐकलं. "म्या होकार दिला नाय."

टाळ्या हवेतच राहिल्या. कारभारी बायकोकडं बघतच राहिले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघावं तसे. माऊलीचा चेहरा उतरला. तो आईजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, मग जाऊ नको का मी?"

हा प्रश्न त्यानं तिला आजवर विचारलाच नव्हता. साळूबाई त्याच्याकडं बघत राहिली. बसचं इंजिन तेवढं घुरघुरत होतं. कडुबाकाकांना ती शांतता सहन होईना. काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून त्यांनी माइक तोंडाशी नेला. अपेक्षानं ताट एका हातात घेतलं आणि दुसरा हात माइकवर ठेवला.

"काका, थांबा जरा. ती बोलंल."

सगळे थांबले. किती वेळ, ते अपेक्षानं मोजलं नाही.

मग साळूबाईनं ताटातला गुळाचा खडा उचलला, माऊलीच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. "जा म्हणणारे हितं लई हायेत," ती म्हणाली. "मी नाय म्हणते. तरी तू जाशील, जा. पर तिथं कवा जिवावर बेतलं, तर ध्यानात ठेव, घरी एक बाई नाय म्हणून बसलीया. तिचं नाय खोडायचं असंल, तर तुला परत यावं लागंल."

माऊलीनं गूळ तोंडात टाकला. पायांना हात लावताना त्याचे सगळे हार आईच्या पायांवर लोंबले.

"येतो," तो म्हणाला.

बस हलली. वळणापर्यंत काही ऐकू आलं नाही. मग खिडकीतून शीळ आली, आधी तुटक, मग सलग. माणसं पांगली, फ्लेक्स एका कोपऱ्यातून सुटून फडफडायला लागला. साळूबाई मात्र शीळ ऐकू येईनाशी झाल्यावरही तिथंच उभी राहिली, आणि अपेक्षा ताट घेऊन तिच्या शेजारी.